जिभेवर अडलेली चिंच : दोन भाषांच्या स्मरणाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

आमचं घर देगलूरचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दखनी, म्हणजे इकडची उर्दू. एम.ए.ला मानसशास्त्र घेऊन मी संभाजीनगरला गेले, वसतिगृहात राहिले, आणि तेलुगू उरली ती रविवारच्या फोनपुरती. दीड वर्षानं दिवाळीला घरी आले तेव्हा अव्वा, म्हणजे आजी, चुलीपाशी चारू, म्हणजे आमचं आंबट सार, उकळत होती. चव घेऊन मी म्हणाले, "यात ते... ते कमी पडलंय." आंबटपणा जिभेवर होता, तपकिरी गोळा डोळ्यांपुढं होता, तो कोणत्या बरणीत असतो तेही ठाऊक होतं. शब्द काही येईना. शेवटी 'चिंच' म्हणून सुटका करून घेतली. अव्वा म्हणाली, "चिंतपंडु म्हणायला लाज वाटती का गं?"

लाज कसली! पण प्रबंधाचा विषय मला त्या चुलीपाशी मिळाला. या विषयात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी, मी कुठं कुठं ठेचकाळले ते लिहिते आहे.

पहिली गोष्ट. मराठी बोलताना आपली दुसरी भाषा झोपलेली असते, असं सगळ्यांनाच वाटतं. ती झोपत नाही. अर्थ मनात आला की दोन्ही भाषांतले शब्द उठून उभे राहतात आणि नको असलेल्याला खाली बसवावं लागतं. याला पुस्तकात इन्हिबिशन म्हणतात. मी माझ्या वहीत 'आवर' लिहायचे. लंडनच्या डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ साली याची नीट मांडणी केली. जी भाषा जास्त जोरात उसळते तिला आवरही जास्त घालावा लागतो, आणि म्हणून तिच्याकडं परत यायलाही जास्त वेळ लागतो. मॉयटर आणि ॲलपोर्ट यांनी १९९९ मध्ये लोकांना पडद्यावरचे आकडे कधी या भाषेत, कधी त्या भाषेत वाचायला लावले. पक्क्या भाषेकडं वळताना लोक जास्त अडखळले. ऐकायला उलटं वाटतं, पण आवराचा हिशोब कळला की पटतं.

हा प्रयोग स्वस्तात होतो म्हणून नवीन माणूस इथूनच सुरुवात करतो. मीही केली. एक सांगते, आकडे एकअंकीच ठेवा. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो, तेलुगूत इरवै ओकटि म्हणताना वीस आधी येतात. दोन अंकी आकडे घेतले तर भाषा बदलायला किती वेळ गेला आणि आकडा उलटायला किती, याचा मेळ लागत नाही. माझे पहिले चार दिवस यात गेले.

माझ्या चिंचेशी सगळ्यात जवळचा प्रयोग लेव्ही, अँडरसन आणि त्यांच्या सोबत्यांचा, २००७ चा. इंग्रजी मातृभाषेच्या आणि स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी चित्रांची नावं पुन्हा पुन्हा स्पॅनिशमध्ये घ्यायला लावली. मग इंग्रजी शब्द विचारले. यमक जुळणारा शब्द खूण म्हणून दिला तेव्हा ज्या चित्रांची स्पॅनिश नावं वारंवार घेतली होती त्यांचे इंग्रजी शब्द कमी आठवले. अर्थाची खूण दिली तेव्हा तशी घट दिसली नाही. म्हणजे आवर बसतो तो आवाजावर, अर्थ शाबूत राहतो. वाचताना मला चारूचा वास आला. पण थांबा. २०१२ मध्ये रुनक्विस्ट आणि कोस्टा यांनी असाच प्रयोग केला, तेव्हा हे विसरणं दिसलं नाही. लेव्हींचा निबंध छातीशी धरून फिरत असताना माझ्या सरांनी हा दुसरा निबंध टेबलावर टाकला. राग आला होता. आता मी स्वतः विद्यार्थ्यांना दोन्ही एकाच दिवशी वाचायला देते.

मराठवाड्यात खरी अडचण प्रयोगाची नाही, माणसांची आहे. माझ्या फॉर्मवर एक रकाना होता, 'मातृभाषा'. देगलूरच्या एका मुलीनं विचारलं, "कोणती लिहू? मायची का बापाची?" उदगीरकडं कन्नड, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, गावागावात दखनी, आणि सगळ्यांची शाळा मराठी. पहिली भाषा आणि दुसरी भाषा हे खण इथं बसत नाहीत. माझ्या आकड्यांत पक्क्या भाषेकडं वळतानाची जास्तीची अडखळ दिसेना, तेव्हा प्रयोग फसला म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. मग कोस्टा आणि सांतेस्तेबान यांचा २००४ चा निबंध हाती लागला: दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असलेल्या स्पॅनिश-कातालान लोकांत हा फरक दिसत नाही. तेव्हा तो रकाना काढून टाका. आईशी काय बोलता, भांडताना काय, हिशोब कशात करता, असं विचारा.

हिशोबावरून आज्जा आठवला. त्याची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. घरात तेलुगू बोलणारा माणूस नोटा मोजायचा उर्दूत. शाळेबद्दल तेलुगूत विचारलं की दोन वाक्यांत गप्प. एकदा बाजारातल्या सवयीनं मी दखनीत विचारलं, तर पाटी, मास्तरची टोपी, मार खाल्लेला दिवस, सगळं निघालं. मारियन आणि नाइसर यांनी २००० साली अमेरिकेतल्या रशियन स्थलांतरितांत हेच दाखवलं होतं: रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलत जगलेल्या दिवसांतल्या आठवणी जास्त येतात. मुलाखत कोणत्या भाषेत घेतली हे वहीत लिहून ठेवा. मी पहिल्या दहा जणांचं लिहिलं नव्हतं, ते दहाही बाद.

हिंदी-मराठी जोडी घेणार असाल तर चकवे भरपूर आहेत, आणि लिपी एकच असल्यानं ते लपूनही राहतात. 'शिक्षा', 'खाली', 'चेष्टा' हे शब्द दोन्हीकडं आहेत, अर्थ वेगळे. ठरवून वापरले तर सोनं, नकळत यादीत शिरले तर माती.

साधनांचं थोडक्यात. सायकोपाय हा संगणकावर प्रयोग चालवायचा प्रोग्राम फुकट आहे, देवनागरी दाखवतो, पण फॉन्ट आधी तपासा. माझ्याकडं जोडाक्षरं फुटली होती. आवाज ओळखून वेळ मोजणाऱ्या सोयीवर विसंबू नका. 'स'नं सुरू होणारा शब्द ती उशिरा पकडते, आणि शाळेतला पंखा आधीच पकडते. ध्वनिमुद्रण करा आणि प्रात या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये हातानं खुणा करा. कंटाळवाणं आहे, दुसरा इलाज नाही. पुढं शिकायचं तर हैदराबाद विद्यापीठ आणि अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधन विज्ञानाचं, २००२ पासूनचं केंद्र पाहा. देगलूरहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, घरच्यांना हे कारण पटतं.

चित्रं मात्र स्वतः जमवा. स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांचा १९८० चा २६० चित्रांचा संच सगळे वापरतात. त्यात बर्फाचा माणूस आहे, आर्टिचोक नावाची परदेशी भाजी आहे. आमच्याकडं आर्टिचोकला एका आजोबांनी 'कमळाचा कांदा' म्हटलं. मी चाडं, सूप, उखळ, चिंच अशी चित्रं काढून घेतली आणि आधी वीस जणांना नुसती नावं विचारली. सरांनी यादीवर बोट ठेवलं: दोन भाषांतली नावं एकाच आवाजानं सुरू होत असतील तर ती एकमेकांना हात देतात, असे शब्द वेगळे काढा. चिंच, चिंतपंडु. यादीतून पहिलं चित्र गेलं ते तेच.