सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी

सासूबाई गेल्यावर ट्रंकेतून तीन सुती नऊवारी लुगडी निघाली. बोहारणीला दिली नाहीत, गोधडी शिवली.

लुगडं साधारण आठ मीटर भरतं. आधी काठ कापून बाजूला ठेवा. मग दोन-दोन मीटरचे चार तुकडे. दोन शेजारी जोडले की एक थर. विरलेलं आत, धड ते वर-खाली. पदरावरचा हळदीचा डाग घासत बसू नका. बारा माणसांचा स्वयंपाक उरकून त्या तिथेच हात पुसायच्या. मी नॅपकिन पुढे केला की डोळे वटारायच्या!

मधून कडेकडे कच्चे टाके घाला, नाहीतर फुगे येतात. मग बोटभर अंतराने धावदोरा. मशीन नको, सहा थरांत माझी सुई दोनदा मोडली. शेवटी कडेला तेच काठ गोट म्हणून लावा.