सातारकरांनो, इलेक्ट्रिक बाईकची बॅटरी घ्यायला निघण्याआधी हे बघून ठेवा

दुकानात जायच्या आधी घरीच कागद-पेन घ्या आणि गाडी रोज कुठं कुठं जाते ते लिहून काढा. पोवई नाका ते एमआयडीसी आणि परत एवढंच असेल तर गरज वेगळी, आणि सुट्टीला डबलसीट यवतेश्वर चढून कासला जाणारे असाल तर पार वेगळी. दुकानदार पहिलं विचारणार रेंज किती पाहिजे, म्हणजे एका चार्जला किती किलोमीटर, आणि आपण बोलून जातो शंभर, कारण शंभर म्हणायला बरं वाटतं. रेंज नका सांगू, रस्ता सांगा.

मग हिशोब. व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर) भागिले हजार, आलेला आकडा म्हणजे आपल्या लाईटबिलातलं युनिट. 60 व्होल्ट 30 एएच म्हणजे 1.8 युनिट, 72 व्होल्ट 40 एएच म्हणजे 2.88. नुसतं "40 एएच आहे साहेब" म्हणाला तर व्होल्ट विचारायचेच. सपाट रस्त्याला बाईक किलोमीटरला साधारण 30 ते 40 वॅट अवर खाते (हजार वॅट अवर म्हणजे एक युनिट), स्पीड वाढवला की त्याहून जास्त. आता कास धरा. साताऱ्यातनं 25 किलोमीटरच्या आसपास अंतर आणि चढ अंदाजे 500 मीटर, गाडी अधिक दोन माणसं मिळून 270 किलो धरली तर हे वजन नुसतं वर उचलायलाच 0.37 युनिट लागतं, मोटार आणि कंट्रोलरमध्ये (मोटारीला करंट सोडणारा डबा) वाया जाणारं धरलं की 0.45. त्यात अंतराचं 0.9 मिळवा, म्हणजे जातानाच सव्वा ते दीड युनिट गेलं. येताना उतार आहे म्हणून कमी लागेल, पण रीजेनवर, म्हणजे वेग कमी करताना मोटार बॅटरी भरते त्यावर, फार विसंबू नका, घाटात ब्रेक मारावाच लागतो आणि त्यातलं थोडंच बॅटरीत परत जातं. थोडक्यात 1.8 वाली जाऊन-येऊन संपते, पेठेत शिरताना धाकधूक. रिव्होल्टच्या आरव्ही 400 ला 3.24 युनिटची आहे आणि ओबेन रॉरला 4.4 ची दिली होती, ते काय उगाच नाही.

लेड ॲसिडचा विषय दोन ओळीत संपवतो. 72 व्होल्ट 40 एएच करायला 12 व्होल्टच्या सहा लागतात, वजन जातं सत्तर-ऐंशी किलोवर, तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाल्या की दम संपला, आणि चढाला जोरात करंट ओढला की लिहिलेल्या एएच इतकं त्या देतच नाहीत. मोटरसायकलला नको.

राहिलं एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) का एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). दोन्ही लिथियमच, पण "लिथियम आहे" एवढ्यावर गप्प बसू नका, सरळ विचारा सेल कुठला. एनएमसीचा सेल 3.6-3.7 व्होल्टचा, एलएफपीचा 3.2 चा. एनएमसी हलकी आणि छोटी, त्याच क्षमतेची एलएफपी सात-आठ किलोने जड भरते आणि जागाही जास्त खाते. पण एलएफपी दोन हजार चार्जच्या पुढं जाऊ शकते, एनएमसी साधारण त्याच्या निम्मीच धरा, आणि मुख्य म्हणजे एलएफपीचा सेल बिघडला तरी एनएमसीइतक्या सहज पेट घेत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये तापत उभी असते, त्यामुळं माझं मत एलएफपीच. बॉक्समध्ये बसतच नसेल किंवा कंपनीनंच गाडी एनएमसीवर बनवली असेल तर मग एनएमसी, उगाच फ्रेम कापत बसू नका. एलएफपीची एक खोड मात्र आहे, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून व्होल्टवर चालणारा साधा मीटर काहीही दाखवतो. करंट मोजून टक्के दाखवणारा मीटर आहे का बघा आणि अधनंमधनं फुल चार्ज करा.

आता जे कुणी विचारत नाही ते, बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, किती अँपिअरचा. तीन किलोवॅटची मोटार 72 व्होल्टला 42 अँपिअर ओढते, डबलसीट खड्या चढाला 50 सहज, आणि घाटात हे पाच-दहा सेकंदांचं काम नसतं, मिनिटंच्या मिनिटं चालतं. दुकानात जो आकडा सांगतात तो बऱ्याचदा पीकचा, म्हणजे काही सेकंदांपुरता, असतो, आपल्याला कंटिन्युअसचा, म्हणजे सलग झेपेल असा, पाहिजे, आणि तो डेटाशीटवर छापलेला दाखवा म्हणायचं. बीएमएस कमी पडला तर तो स्वतःला वाचवायला सप्लाय तोडतो आणि बाईक वळणावरच मुकी होते, मागनं एसटी येत असताना. बीएमएसबरोबर सेलनाही तेवढा करंट झेपला पाहिजे, 40 एएचचा पॅक 1सी चा (जितके एएच तितकेच अँपिअर) असेल तर 40 अँपिअरच कायम देणार, वरचं सगळं ओढाताण.

चार्जर बॅटरीबरोबरचाच. एनएमसीचे 20 सेल ओळीत असले तर फुल चार्जला 84 व्होल्ट, एलएफपीचे 24 असले तर 87.6. दोघांवरही "72 व्होल्ट" असंच लिहिलेलं असतं आणि पिनही कधीकधी सारखीच, त्यामुळं शेजारच्याचा चार्जर लावून बघू असलं काही करू नका. घरी 15-16 अँपिअरचा सॉकेट आणि खरीखुरी अर्थिंग आहे का ते वायरमनला आधीच दाखवा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल तर बॅटरी दुकानातच एकदा उचलून बघा, पंचवीस किलो जिन्यात फार वाटतात.

पावसाचं सांगायला नको. आयपी 67 लिहिलेलं बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडली तरी आत पाणी जाऊ नये, पण ते पॅकचं झालं, कनेक्टर वेगळाच बसवलेला असेल तर तो तपासा. बाहेर काढलेल्या कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळट किंवा वितळलेलं दिसलं तर तो पॅक घेऊ नका, कितीही सूट देऊ देत.

कागदपत्रं: एआयएस 156, म्हणजे इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटरीच्या सुरक्षेचं मानक. 2022 च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्या त्यानंतर याचे नियम कडक झाले, डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. गल्लीत सेल जोडून बनवलेल्या पॅककडं हा कागद नसतो, स्वस्त म्हणून घेतला आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार. आरसीवाल्या गाडीत दुसऱ्याच प्रकारची बॅटरी घालण्याआधी कंपनीला विचारा चालेल का. सुट्या लिथियम बॅटरीवर जीएसटी 18 टक्के लागतो, नव्या इलेक्ट्रिक गाडीवर सगळी मिळून 5, त्यामुळं जुन्या गाडीत मोठा पॅक घालायचा खर्च नव्या गाडीच्या किमतीशी ताडून बघायचाच.

वॉरंटी किती वर्षं ते सगळेच सांगतात, क्षमता किती टक्क्यांवर आली की बदलून देणार ते विचारा, 70 का 80, आणि दुरुस्ती साताऱ्यात होते का पॅक पुण्याला पाठवावा लागतो तेही.

निघताना टेप, बॅटरी बॉक्सची आतली मापं, कंट्रोलर आणि चार्जरच्या स्टिकरचे फोटो सोबत ठेवा. जुनी बॅटरीही घेऊन जा, 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती भंगारवाल्याला द्यायची नसते, आणि दुकानदार एक्स्चेंजला काही देतो का तेही कळेल. पैसे देण्याआधी पॅकवरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून नाही, बिलावर.