अपग्रेडनंतर गाणं तबल्याच्या मागे पडत होतं, ते कसं जुळवलं

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि तबल्याच्या ट्रॅकवर गायलेलं सगळं किंचित उशिरा बसायला लागलं. गाताना हेडफोनमध्ये बरोबर, परत ऐकलं की सम हुकलेली. बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी थोडा साठवून ठेवणारी जागा) कमी केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, केबल बदलली. काही फरक नाही. आठवडाभर वाटत होतं, माझाच ताल गेला.

अपग्रेडमध्ये ऑडिओ सेटिंग्ज पुसल्या गेल्या होत्या. ड्रायव्हर (ऑडिओ उपकरण सॉफ्टवेअरशी जोडणारा प्रोग्राम) विंडोजच्या पर्यायावर, रेकॉर्डिंग ऑफसेट (रेकॉर्ड झालेला आवाज किती मागे-पुढे सरकवायचा तो आकडा) शून्यावर.

आधी ड्रायव्हर परत ऑडिओ इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणारी पेटी) एएसआयओवर, म्हणजे कमी उशीर लावणाऱ्या ड्रायव्हरवर आणला. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) 44,100, बफर 256 सॅम्पल. मग स्पीकर, डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग (दोन्ही आत येणारा आवाज लगेच परत ऐकवतात) बंद केलं (हे विसरलात तर आवाज गोल फिरत राहील आणि कानठळ्या बसतील). इंटरफेसच्या लाइन आउट 1 मधून लाइन इन 1 मध्ये केबल लावली. एका ट्रॅकवर मेट्रोनोमची एकच टिक ठेवली, ती वाजवत दुसऱ्यावर रेकॉर्ड केली. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पार ताणून दोन्ही टिकांच्या सुरुवातीतलं अंतर मोजलं: 838 सॅम्पल, म्हणजे 19 मिलिसेकंद. तो आकडा ऑफसेटमध्ये भरला. माझ्याकडे उणे चिन्ह लागलं. अधिक टाकल्यावर अंतर दुप्पट झालं, तेव्हा कळलं. पुन्हा मोजलं तर 2 सॅम्पल उरले.

बफर बदललात तर पुन्हा मोजा. आठवडाभरात बिघडलेले ट्रॅक मात्र दुसऱ्या ड्रायव्हरवरचे, त्यांना हा आकडा चालत नाही. ते कानाने ऐकत हातानेच सरकवले.