एलईडी पट्टी मंद करताना मॉस्फेट जळत असेल तर काय तपासावे

गणपतीच्या मखरासाठी किंवा घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधील फॉल्स सीलिंगसाठी मायक्रोकंट्रोलरवर (आर्डुइनो किंवा ईएसपी३२ सारख्या बोर्डावरील छोट्या नियंत्रक चिपवर) चालणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी ठाण्यातील अनेक हौशी मंडळी स्वतःच जोडतात, आणि पट्टीचा प्रवाह चालू-बंद करणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) तापू लागला की थेट मोठा हीटसिंक आणायला निघतात. तसे करण्याआधी तो का तापतो, हे मोजून पाहावे.

ड्युटी (प्रत्येक आवर्तनात मॉस्फेट चालू राहण्याचे प्रमाण) १०० टक्के ठेवून पट्टी पूर्ण प्रखर करावी आणि मल्टिमीटरची टोके मॉस्फेटच्या ड्रेन व सोर्सला, म्हणजे ज्यांतून पट्टीचा प्रवाह जातो त्या दोन पायांना, लावावीत. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० प्रकारची ५ मीटर पट्टी सुमारे ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर घेते. एवढ्या प्रवाहाला गेटला (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या तिसऱ्या पायाला) ५ व्होल्ट दिले असता आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट सुमारे ०.१५ व्होल्ट दाखवतो, म्हणजेच ०.९ वॅट उष्णता निर्माण होते. हीटसिंक नसलेले टीओ-२२० पॅकेज (या मॉस्फेटचे आवरण) दर वॅटमागे सुमारे ६२ अंशांनी तापत असल्याने हा मॉस्फेट खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे ५६ अंशांनी गरम होईल. सीलिंगच्या बंद पोकळीत त्याला छोटा हीटसिंक द्यावाच. मात्र मीटरवर ०.९ व्होल्ट दिसले, तर उष्णता ५.४ वॅटवर जाते, आणि तेथे दोष हीटसिंकचा नसून गेटचा असतो, म्हणजे गेटला पुरेसे व्होल्ट मिळत नसतात.

आयआरएफझेड४४एन या दुसऱ्या मॉस्फेटच्या डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) कमी रोधाचा आकडा गेटला १० व्होल्ट मिळतात असे धरून दिलेला आहे. २ ते ४ व्होल्ट हा थ्रेशोल्ड केवळ प्रवाह सुरू होण्याचा बिंदू आहे, तरी तोच पाहून खरेदी केली जाते. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर तर आयआरएलझेड४४एनचाही भरवसा धरू नये. मध्ये टीसी४४२७ सारखा गेट ड्रायव्हर (गेटला जास्त व्होल्ट पुरवणारी चिप) घालून त्याला पट्टीचेच १२ व्होल्ट द्यावेत.

पूर्ण प्रखर असताना थंड राहणारा मॉस्फेट मंद केल्यावरच तापत असेल, तर तो चालू-बंद होताना मध्येच रेंगाळतो आहे. गेटच्या मालिकेत १०० ते २२० ओहमऐवजी चुकून १० किलोओहम लागले आहेत का, किंवा पीडब्ल्यूएमची (पट्टी वेगाने चालू-बंद करून मंद करण्याच्या पद्धतीची) वारंवारता विनाकारण वाढवली आहे का, ते पाहावे. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवरील सुमारे ४९० हर्ट्झ पट्टीसाठी पुरेसे आहेत.

१० किलोओहमची योग्य जागा गेट व सोर्स यांच्यामध्ये आहे. बोर्ड सुरू होईपर्यंत पिन अधांतरी असते, आणि हा रोध नसेल तर गेट अर्धवट उघडा राहू शकतो. अडॅप्टर आणि बोर्ड यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले असल्याचीही खात्री करावी.

जळालेला मॉस्फेट बहुधा ड्रेन-सोर्स शॉर्ट होतो, त्यामुळे पट्टी मंदच होत नाही. गेटही फुटला असेल, तर १२ व्होल्ट थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनपर्यंत पोहोचतात, म्हणून नवा मॉस्फेट डागण्यापूर्वी ती पिन मोकळी करून तिच्यावर ० आणि ५ व्होल्ट (ईएसपी३२ वर ३.३) नीट येतात का, हे मोजावे.