अलिबागला एक दिवस: परतीची वाट आधी ठरवा

अलिबागला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर आखणी पंचांगापासून सुरू करा. आम्ही पाच मैत्रिणी गिरगावच्या एकाच चाळीत वाढलो. आता कुणी डोंबिवलीला, कुणी बोरिवलीला; पण वर्षातून एक दिवस एकत्र काढतोच. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला, म्हणून तारखेआधी मी तिथी बघते. कोळीवाड्यातलं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो की वद्य. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज असतो, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. मला दशमी सोयीची वाटते, दीडला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण ते पाच-सहाच्या आसपास, सकाळी नाहीतर संध्याकाळी. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची; पाणी पुरतं हटत नाही.

गेटवेहून सकाळची लवकरची लाँच धरा. तासाभरात मांडवा, तिथून तिकिटातच धरलेली बस वीसेक किलोमीटरवर अलिबागला सोडते. पावसाळ्यात ही लाँच बंद असते.

किल्ल्याकडे जाताना पट्ट्याचे सँडल घाला. वाळू संपून खडक लागतो तिथे कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. शैलाने चपला हातात घेतल्या आणि तळव्याला अंगठ्याएवढी चीर पडली. मिठाच्या पाण्याने ती रात्रीपर्यंत झोंबत होती. आत घाई करू नका. १६८० साली शिवाजी महाराजांनी काम सुरू करवलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. १७५९ सालचं राघोजी आंग्र्यांचं सिद्धिविनायकाचं देऊळ, चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर, उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा. त्या तटावर अर्धा तास बसा. मात्र ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात बाहेर पडा. पाणी आधी मधल्या सखल पट्ट्यात भरतं, ते किल्ल्यातून कळत नाही.

आता परतीचं. आम्ही गेलो तो ऑक्टोबर होता. मांडव्याच्या जेट्टीवर साडेपाचला पोहोचलो तेव्हा पूर्वेला ढग काळे झाले होते आणि लाटा जेट्टीच्या पायऱ्या चढत होत्या. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागल्याचं कुणीतरी सांगितलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वारा पडला तर बघू." त्या 'बघू'वर आम्ही पावणेदोन तास घालवले आणि तीच चूक होती. सव्वासातला लाँच रद्द झाली. तेव्हा जेट्टीवरची शेकडो माणसं एकदमच रस्त्याकडे वळली, आणि मिनीडोअर (इथली मोठी रिक्षा) मिळेना.

म्हणून मी आता एक नियम पाळते. अलिबाग सोडण्याआधी, चारच्या सुमारास, लाँचच्या तिकीट खिडकीवर फोन करून विचारायचं. उत्तर ठाम 'हो' नसेल तर मांडव्याला जायचंच नाही, सरळ अलिबागच्या एसटी स्टँडवर जायचं आणि पनवेलची गाडी धरायची. पनवेलहून हार्बर लोकल मिळते. हा रस्ता पेणवरून सत्तरेक किलोमीटरचा, पण पेणजवळच्या वडखळला कोंडी झाली तर तीन तासही लागतात. रविवारी संध्याकाळी ती होतेच, म्हणून आम्ही आता शनिवार निवडतो. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी फेरी) २०२० पासून आहे, मोठी बोट असल्याने ती कधीकधी चालते; पण खवळलेल्या समुद्रात तीही थांबते, तिच्या भरवशावर राहू नका.

सोबत काय ठेवाल? परतीचं तिकीट, पैसे परत घ्यायला लागतं. सुटे पैसे, एसटीसाठी. भरलेली बॅटरी. आणि प्रत्येकीच्या रात्रीच्या गोळ्या. मंदाला मधुमेह आहे, त्या रात्री बसने परतताना जेवणाची वेळ टळली तेव्हा वडखळच्या कोंडीत तिचे हात थरथरायला लागले. पिशवीत सकाळची दोन केळी उरली होती, ती तिला दिली आणि मागच्या सीटवरच्या एका बाईंनी चिक्की काढून दिली. वीस मिनिटांनी ती पुन्हा नीट बोलायला लागली. त्या दिवसापासून केळी आणि चिक्की मी संध्याकाळसाठी वेगळी बांधून ठेवते, दिवसा त्यांना कुणी हात लावायचा नाही.