गोळ्या सुरू केल्या आणि डाग थांबेनात

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पहिल्या पाकिटातली नववी गोळी घेतली त्या दिवशी सलवारीवर तपकिरी डाग दिसला. पाळी संपून आठवडाही झाला नव्हता. मग रोज थोडं थोडं; पॅड भरेल इतकं नाही, पण पांढरे कपडे घालायची हिंमत होईना. जाऊबाई म्हणाल्या, "उष्णता झालीय, सब्जा पी." प्यायले. सब्जा छान लागला, डाग तसेच.

गोळ्या बंद करायच्या बेतात होते. डॉक्टरबाईंनी आधी गर्भचाचणी करायला लावली, ती निगेटिव्ह. मग विचारलं, "गोळी किती वाजता घेतेस?" मी गप्प. कधी जेवणानंतर, कधी झोपताना, दोनदा तर दुसऱ्या दिवशी सकाळी! त्या म्हणाल्या, पहिले 3 महिने असं होऊ शकतं, गर्भाशयाचं अस्तर हार्मोनला सरावत असतं. त्यात गोळी चुकली की डाग वाढतात. आणि मध्येच सोडलीस तर दिवस राहू शकतात, ते वेगळंच.

उपाय अगदीच साधा निघाला. रात्री 9 चा गजर, आणि पाकीट टूथब्रशच्या शेजारी. 21 पांढऱ्या संपल्या की 7 तपकिरी, लोहाच्या. त्याही घेते, म्हणजे नवं पाकीट लांबत नाही. दुसऱ्या पाकिटात डाग चार दिवस, तिसऱ्यात एकच.

तासाला पॅड भिजलं, पोटात जोरात दुखलं किंवा 3 महिन्यांनंतरही चालूच राहिलं तर लगेच ये, असं बाईंनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. पांढरा कुर्ता मात्र अजून घडीतच आहे.