पेठेतला रस्ता पुन्हा आखायचा असेल तर

तीस मीटरचा कापडी टेप, चुन्याची फक्की, खडू आणि एक वही. सुरुवातीला एवढंच लागतं. आर्किटेक्ट, थ्रीडी चित्रं, सादरीकरण वगैरे सगळं नंतर. माझी नोकरी एका महापालिकेच्या पथ विभागात गेली, उपअभियंता म्हणून सुटलो. आता सोसायट्यांची, व्यापारी संघाची मंडळी घरी येतात आणि विचारतात, "साहेब, आमच्या बाजारपेठेतून माणसाला धड चालता येईल असं काही करता येईल का?" येतं की. फक्त 'गाड्या बंद करायच्या का' इथून सुरुवात करू नका. त्या एका प्रश्नावर पहिलीच बैठक मोडते. रस्त्याची रुंदी कोण किती खातंय, ते आधी बघा.

रविवारी पहाटे जा, दुकानं उघडायच्या आत. शटरपासून समोरच्या शटरपर्यंत मोजा, आणि एकाच जागी मोजून थांबू नका. जुन्या पेठांत रस्ता दर वीस पावलांवर बदलतो. मग एका बाजूच्या फूटपाथवरून चालत जा आणि जे जे आडवं येतं ते लिहून घ्या: दुकानाची पायरी, स्टीलची जाळी, महावितरणचा फीडर पिलर (विजेची पेटी), दिव्याचा खांब, अर्धवट तोडलेल्या झाडाचं खोड, वर आलेलं चेंबरचं झाकण, कमरेएवढा पुतळा आणि त्याला घातलेला सेलचा ड्रेस. फूटपाथ नकाशात दोन मीटरचा असतो. त्यातून पायरी गेली, पिलर गेला की साठ सेंटिमीटर उरतात, म्हणजे एक सडपातळ माणूस, तोही पिशवी न घेता. हा उरलेला आकडा दर वीस मीटरला लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या संहितेनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते आणि डोक्यावर २.२ मीटर. दुकानांच्या रस्त्यावर अडीच मीटरच्या खाली मी तरी समाधान मानणार नाही. तुमची वही आणि ही संहिता शेजारी शेजारी ठेवली की महापालिकेला द्यायच्या अर्जाचा निम्मा मजकूर तयार झाला समजा.

दुसरी मोजणी माणसांची. शनिवारी संध्याकाळी दोघांनी एका ठिकाणी उभं राहायचं, तासभर. एकाने पायी जाणारे मोजायचे, दुसऱ्याने वाहनं. पण वाहनं मोजताना आत किती माणसं आहेत तेही लिहायचं, कारण आपल्याला रस्त्यावरून किती *माणसं* जातात ते हवंय, किती पत्रा जातो ते नको. आमच्या खात्यात वर्षानुवर्षं फक्त पत्राच मोजला गेला. म्हणून पूल झाले, फूटपाथ राहूनच गेले.

तिसरी मोजणी दुकानदारांच्या मदतीने करा, नाहीतर ते कधीच तुमच्या बाजूला येणार नाहीत. आठवडाभर गल्ल्यावर एक कागद ठेवायला सांगा: गिऱ्हाईक चालत आलं, दुचाकीवर, रिक्षाने, बसने की कारने, फक्त रेघ मारायची. आपलं गिऱ्हाईक कारनेच येतं असं दुकानदाराला मनापासून वाटत असतं, कारण कारवाल्याची कुरकुर त्याच्या कानावर रोज पडते आणि चालत आलेला मुकाट्याने साडी घेऊन जातो. इंग्लंडात ब्रिस्टलच्या दोन बाजाररस्त्यांवर हे विचारून पाहिलं होतं. दुकानदारांचा अंदाज ४१ टक्के गिऱ्हाईक कारने येतं असा होता, प्रत्यक्षात निघालं २२ टक्के. पण ब्रिस्टलचा आकडा बैठकीत सांगू नका, "इथे ते चालणार नाही" हे उत्तर तयारच असतं. त्यांच्याच गल्ल्यावरचा कागद पुढे ठेवा.

वाटणी

समजा रस्ता १८ मीटर आहे आणि एकेरी आहे. आज दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटरचे फूटपाथ आणि मध्ये साडेपंधरा मीटर डांबर. एवढ्या डांबरावर वाहतूक जोरात धावायला हवी, पण धावत नाही. एका कडेला दुचाक्या, दुसऱ्या कडेला कार, त्यांच्या शेजारी "दोन मिनिटांत आलो" म्हणून उभी असलेली दुसरी रांग, आणि टेम्पो. चालू वाहनांना दोनच लेन मिळतात. मग त्या दोन लेन प्रामाणिकपणे आखून द्या, तीन-तीन मीटरच्या. झाले सहा. एका बाजूला दोन मीटरचा पार्किंगचा पट्टा, दुसऱ्या बाजूला दोन मीटरचा पट्टा माल उतरवायला, रिक्षाला आणि पथारीवाल्यांना. झाले दहा. उरलेले आठ मीटर दोन फूटपाथना, चार-चार. त्या चारातही पोटवाटणी असते. दुकानाला लागून अर्धा मीटर, तिथे लोक काचेतून बघत थांबतात. मध्ये अडीच मीटर निव्वळ चालायला. रस्त्याच्या कडेचा एक मीटर झाडं, दिवे, बाक, कचऱ्याचे डबे आणि पिलर यांचा. भावकीतल्या जमिनीसारखंच आहे हे: हद्द आखली नाही की जो दांडगा त्याची जमीन.

तुमचा रस्ता कुठे १८ आणि कुठे २२ मीटर असेल तर वाढीव जागा फूटपाथला द्या, लेनला नको. रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. मध्येच रुंद केलेल्या तुकड्यात गाड्या फक्त पसरतात आणि पुढे पुन्हा कोंबल्या जातात. पुण्यात जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा हेच केलं गेलं: डांबराची रुंदी एकसारखी ठेवली आणि उरलेली जागा पदपथात घेतली. जुनी झाडं त्यातच सामावली गेली आणि बसायला, मुलांना खेळायलाही जागा निघाली. एकदा तिथे टेप घेऊन फिरून या.

पार्किंगच्या पट्ट्यात एक हिशेब लक्षात ठेवा. कारला साधारण पाच मीटर लांबी लागते, तेवढ्यात पाच-सहा दुचाक्या आडव्या लागतात. कोणाला जागा द्यायची ते गल्ल्यावरचा कागद सांगेल.

सेंटिमीटरची कामं

बहुतेक रस्ते नकाशात चांगले असतात आणि जागेवर बिघडतात. जिथे बिघडतात त्या जागा सांगतो.

फूटपाथची उंची: रस्त्यापासून १५ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. उंच फूटपाथवरून म्हातारी माणसं उतरतात आणि पुन्हा चढतच नाहीत, डांबरावरूनच चालतात. इथे एक मेख आहे. दर काही वर्षांनी जुन्यावर नवं डांबर ओतत गेल्यामुळे पेठेतला रस्ता दुकानांच्या जोत्याला भिडलेला असतो. त्यावर पुन्हा १५ सेंटिमीटर चढवले तर पावसाळ्यात पाणी दुकानात. म्हणून इस्टिमेटमध्ये आधी मिलिंग धरा, म्हणजे जुना थर खरवडून काढणं. ते नसेल तर पुढे काहीही मान्य करू नका.

वाड्यांची, इमारतींची फाटकं: दर फाटकापाशी ठेकेदार फूटपाथ रस्त्यापर्यंत खाली उतरवतो आणि पुढे पुन्हा चढवतो. शंभर मीटरमध्ये पाच फाटकं असली तर चालणाऱ्याने पाच वेळा घाट उतरायचा. उलटं करायला सांगा. फूटपाथ एका पातळीत सलग जाईल, कारसाठीचा उतार कडेच्या एक मीटरच्या पट्ट्यात बसेल. कार चढेल आणि उतरेल, तिला इंजिन आहे.

क्रॉसिंग: पांढरे पट्टे मारून कोणी थांबत नाही. फूटपाथच्याच उंचीचा उंचवटा रस्त्यावर आडवा बांधा, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो आणि व्हीलचेअर सरळ पलीकडे जाते. पण उंचवट्याच्या वरच्या अंगाला पावसाळी गटाराची जाळी आहे का ते नकाशात स्वतः बघा. नसेल तर पहिल्याच वळवात तिथे तळं होईल आणि आठवड्यात कोणीतरी सांगेल, फोडा तो उंचवटा.

कोपरे: वळणाची त्रिज्या मोठी असेल तर रिक्षा वेग न मोडता वळते. कोपरा पुढे काढून आवळा. अग्निशमन गाडी वळते की नाही, ते त्यांनाच बोलावून प्रत्यक्ष गाडी वळवून पाहा.

फरशी: चकचकीत ग्रॅनाइट दाखवलं तर नको म्हणा. पावसात घसरणारा फूटपाथ ही शिक्षा आहे.

फूटपाथवर दुचाकी येते तिचं काय? गाड्या अडवायला लावलेल्या बुटक्या खांबांमध्ये, म्हणजे बोलार्डमध्ये, व्हीलचेअरसाठी १.२ मीटर अंतर सोडावं लागतं, आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून ॲक्टिव्हाही जाते. यावर जादू नाही. पण बघा, फूटपाथवरून गाडी घालणारे बहुतेक उलट्या दिशेने येणारे असतात. एकेरी रस्त्यावर मागे जायचं तर लांबचा वळसा पडतो. एखादी शेजारची गल्ली परतीला मोकळी करून दिली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

पथारी, टेम्पो, मांडव

पथारीवाल्यांना हटवून मोकळा केलेला फूटपाथ तिसऱ्या दिवशी पार्किंग होतो, हे मी लिहून देतो. लोक जिथे चालतात तिथे भाजी, गजरे, मोबाईलची कव्हरं विकली जाणारच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे. त्यांना पहिल्या बैठकीपासून घ्या आणि त्यांच्या जागा नकाशात चौकोन काढून दाखवा, चालायच्या अडीच मीटरच्या बाहेर.

मालाच्या टेम्पोची वेळ व्यापाऱ्यांनाच ठरवू द्या. घाऊकवाले सकाळची मागतील, हॉटेलवाले दुपारची. ठरलं की फलकावर लिहा.

आणि गणपती. हा मुद्दा बाहेरचे सल्लागार हमखास विसरतात. मांडव कुठे पडतो, मिरवणूक कुठून वळते, रथाची रुंदी आणि उंची किती, हे मंडळांना विचारून नकाशावर आणा. तिथले बोलार्ड काढता-घालता येणारे घ्या. मांडवाच्या खांबांसाठी जमिनीत झाकणाच्या कायम खोबण्या द्या, नाहीतर दरवर्षी नवी फरशी पहारीने फोडली जाईल.

आधी करून बघा

नवीन फूटपाथची कड फक्कीने रस्त्यावर आखा, कडेला दोरी आणि बॅरिकेड लावा, दोन दिवस तसंच ठेवा. वाहतूक शाखेची परवानगी लागते, तारीख धरून अर्ज द्या. लोकांना नकाशा कळत नाही, फक्कीची रेघ लगेच कळते. कुठे टेम्पो अडतो, कुठे बायका आपोआप टेकतात ते दिसतं. तिथे बाक. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. तुमच्या गावच्या अधिकाऱ्याला त्या दिवशी सोबत घेऊन जा. दिल्लीच्या चांदणी चौकात तर लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी घातली. ते पुढचं पाऊल, पहिलं नव्हे.

पैशांसाठी: पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात अंदाजपत्रकात नागरिकांच्या सहभागाचा अर्ज देता येतो. त्यातून एखादं क्रॉसिंग किंवा कोपरा होतो, अख्खा रस्ता नाही. रस्त्यासाठी पथ विभागाकडे जा आणि एकच मागणी लावून धरा: ड्रेनेज, पाणी, विद्युत, अतिक्रमण, वाहतूक शाखा आणि महावितरण, सगळ्यांची एकाच दिवशी जागेवर संयुक्त पाहणी. वेगवेगळे भेटलात तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल. पाहणीचा अहवाल सह्यांसकट मागून घ्या.

काम चालू असताना रोज संध्याकाळी टेप घेऊन एक चक्कर मारा, १५ सेंटिमीटर म्हणजे १५च. आणि निविदेतला दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, किती वर्षांचा ते विचारून ठेवा. उखडलेली फरशी, खचलेलं चेंबर यांचे फोटो, जवळच्या खांबाचा नंबर लिहून, तो कालावधी संपायच्या आत लेखी द्या. संपल्यावर दिलं तर त्याच दुरुस्तीला नवं टेंडर लागतं.